बदकाच्या तळव्यावर काळी खपली आणि सूज: घरी किती करायचं, डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

ओढ्याकाठची (धायरी)

नमस्कार मंडळी. घरामागच्या अंगणात आमची चार बदकं आहेत. तीन खाकी कॅम्पबेल माद्या आणि एक व्हाइट पेकिन, तिचं नाव शेवंता. पेकिन असल्याने ती जड आहे, साडेतीन किलोच्या पुढे. गेल्या आठवड्यापासून डावा पाय टेकताना लंगडते, मधेच पाय उचलून उभी राहते. उलटं धरून पाहिलं तर तळव्याच्या मधल्या गादीवर साधारण अर्ध्या सेंटिमीटरची काळी खपली आहे. भोवतीची कातडी लाल आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते. खाते-पिते व्यवस्थित, अंडं मात्र बंद झालंय.

अंगण शहाबादी फरशीचं आहे आणि पाऊस लागल्यापासून ते कोरडं असं झालेलंच नाही. हा बम्बलफूट, म्हणजे तळव्याचा जंतुसंसर्ग, असावा असं वाटतंय. जवळच्या दवाखान्यात फक्त कुत्री-मांजरं बघतात. काही व्हिडिओंमध्ये लोक घरीच ब्लेडने खपली काढून आतला भाग ओढून काढताना दिसतात. ते करायचं का? आणि बाकीच्या तिघींना लागण होईल का?

तुसाची रास (मुळशी)

ताई, ब्लेडला हात लावू नका. बाकीचं बोलू.

लक्षणांवरून बम्बलफूटच वाटतो. होतं असं, की तळव्याला बारीकसं काही लागतं. खडबडीत फरशी, काटा, खिळा, जाळीचं टोक, काहीही. बदकाचा पाय सतत ओला राहिला की कातडी मऊ पडते, मग तेवढ्या फटीतून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस, जो एरवीही कातडीवर आणि जमिनीवर असतोच. म्हणून एकीची दुसरीला अशी थेट लागण होत नाही, पण चौघी एकाच फरशीवर चालतात, त्यामुळे आज चौघींचे आठही तळवे उलटून बघा. जड पक्ष्याला आधी होतं, पण कॅम्पबेललाही होतो.

धरताना पायाला किंवा पंखाला धरून उचलू नका. बदकाचे पाय कोंबडीइतके दणकट नसतात, चटकन निखळतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात घालून उचला, टॉवेलमध्ये गुंडाळा. एकाने धरायचं, दुसऱ्याने पाय बघायचा.

डॉक्टर मिळेपर्यंत पाय शेकत ठेवा. पसरट टबात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवून सहन होईल इतकंच, आणि लिटरला एक मोठा चमचा एप्सम सॉल्ट. केमिस्टकडे मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मागितलं तरी देतात. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडालेला राहू दे. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. नंतर मऊ कापडाने बोटांच्या मधल्या पडद्यासकट पूर्ण पुसा. मग १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक भाग आणि उकळून गार केलेलं पाणी नऊ भाग, असं करून जागेवर लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, त्याने नवी येणारी कातडीही मरते.

आणि हातमोजे घाला. हाच जंतू माणसाच्या जखमेतही शिरतो.

मंडईवाली काकू

आमच्याकडे गुरांच्या, कोंबड्यांच्या जखमेला हळद आणि खोबरेल तेल लावायचे. ते चालेल का? आयोडीनपेक्षा सौम्य पडेल.

तुसाची रास (मुळशी)

काकू, हळदीशी माझं भांडण नाही, पण इथे लावू नये असं मला मनापासून वाटतं. कातडी पिवळी झाली की लाली वाढतेय की कमी होतेय ते दिसत नाही आणि या आजारात सगळं लक्ष त्यावरच ठेवायचं असतं. जेन्शन व्हायोलेट या जांभळ्या औषधाचंही तेच. शिवाय तेलकट पायाला माती आणि विष्ठा चिकटून बसते.

पंख आणि पाय

मी पशुवैद्य आहे, पक्ष्यांचे रुग्ण बघतो. प्रत्यक्ष न बघता औषधाचं नाव आणि मात्रा इथे लिहिणार नाही, पण काही गोष्टी समजून घेतल्या तर पुढचा निर्णय सोपा होईल.

आपल्या गळवातला पू पातळ असतो, फुटला की वाहून जातो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींची घडण वेगळी असल्याने त्यांचा पू घट्ट, ठिसूळ, पिवळट गोळा होऊन बसतो. म्हणून बदकाचं गळू दाबून पिळता येत नाही. दाबलं तर तो गोळा बाहेर न येता जंतू स्नायुबंधांच्या आवरणात ढकलले जातात आणि तिथून वर सांध्याकडे जातात. व्हिडिओंत जो भाग ओढून काढलेला दिसतो तो हा वाळलेला पू. तो काढावा लागतो हे खरं. पण तळव्यात रक्तवाहिन्या आणि स्नायुबंध अगदी जवळजवळ असतात, आणि पक्ष्याला वेदना आपल्याइतक्याच होतात. भूल न देता हे करणं क्रूर आहे असंच मी म्हणेन.

भूल देण्यातही बदकाचं एक वेगळं असतं. पाण्यात बुडी मारताना त्याचा श्वास थांबतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. चोचीवर भुलीचा मास्क चढवला की काही बदकं तीच प्रतिक्रिया देतात. म्हणून पाणपक्ष्यांची सवय असलेला डॉक्टर शोधा असं सांगतो.

आता घरी किती करायचं ते. फक्त लाली आहे किंवा वरवरची लहान खपली आहे, सूज मऊ आहे, पक्षी चालतोय, खातोय, तर शेक, कोरडी मऊ जमीन आणि रोज लक्ष यावर बरीचशी बदकं सुधारतात. पण सूज तळव्यातून वर पायाच्या बाजूला किंवा घोट्याकडे दिसू लागली, बोट सुजून टणक झालं, पाय टेकणंच बंद झालं, खाणं कमी झालं किंवा चार-पाच दिवसांत काहीच फरक नाही, यातलं एक जरी असेल तर थांबू नका. तुमच्या शेवंताला उष्णता आणि लंगडणं दोन्ही आहे, अंडंही थांबलंय. मी या आठवड्यातच दाखवायला सांगेन. एक्स-रे काढला की हाडापर्यंत गेलंय का ते कळतं. हाडात गेलं की उपचार महिनोन्महिने चालतात आणि यशाची खात्री उरत नाही.

बदकांच्या बाबतीत आणखी एक धोका. जुनाट सूज शरीरात बराच काळ राहिली तर यकृतात ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साठत जातं. बदकांत हे पुष्कळ दिसतं आणि ते उलटवता येत नाही. पायाचं दुखणं म्हणून महिनोन्महिने तसंच ठेवलेलं बदक पुढे यकृतामुळे जातं, ते असं.

आणि या तीन गोष्टी कृपा करून करू नका. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. माणसांची वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं मोठ्या संख्येने मेली, जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद करावं लागलं. आणि तिसरं म्हणजे खाज-नायट्याची मलमं. आपल्याकडच्या अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पक्षी स्टेरॉइडला फार संवेदनशील असतात, त्वचेतून शोषलं गेलं तरी प्रतिकारशक्ती खाली येते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

ओढ्याकाठची (धायरी)

सर, खूप आभार. ब्लेडचा विचार सोडला. औंधला जनावरांचं सरकारी सर्वचिकित्सालय आहे तिथे न्यायचं का? आणि तोपर्यंत तिला पाण्यात सोडायचं की नाही? पाण्यापासून लांब ठेवलं की ती नुसती ओरडत बसते.

पंख आणि पाय

औंधला जरूर चौकशी करा. पक्षी बघणारे खाजगी डॉक्टरही पुण्यात आहेत, निघण्याआधी फोन करून 'बदक आहे, पायाला गळू आहे, भूल देऊन साफ करता का' एवढं स्पष्ट विचारा. रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा औंधलाच आहे. डॉक्टरांनी जखमेतला नमुना घेतला तर जंतूंची वाढ करून कोणतं औषध लागू पडेल हे तपासता येतं. हा जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नाही, त्यामुळे अंदाजाने औषधं बदलत बसण्यापेक्षा हे बरं.

पाण्याचं: खपली बंद असेल तर स्वच्छ पाण्यात थोडा वेळ पोहायला हरकत नाही. उलट तरंगताना पायावरचा भार जातो. पोहून झालं की पाय कोरडे करायचे. जखम उघडी असेल किंवा पट्टी असेल तर पोहणं बंद. पण प्यायचं भांडं खोल हवं. नाकपुड्या आणि डोळे बुडवून धुता आले नाहीत तर तिथे नवं दुखणं सुरू होतं.

आणि एकटी कोंडू नका. जाळीच्या पलीकडे बाकीच्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर खाणं सोडते.

नोंदवही (पाषाण)

लक्ष ठेवा असं सगळे सांगतात, पण कसं ठेवायचं ते कोणी सांगत नाही. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही हीच अडचण आहे. काल होतं तसंच आज वाटतं, आणि दहा दिवसांनी पाहावं तर सूज दुप्पट. म्हणून मी जे करते ते लिहिते.

रोज एकाच वेळी, एकाच जागी, दोन्ही तळव्यांचा फोटो. सकाळी पूर्वेच्या खिडकीपाशी, शेजारी पट्टी धरून, म्हणजे मिलिमीटर मोजता येतात. फ्लॅश नको, रंग बदलतो. निरोगी पायाचा फोटो तितकाच महत्त्वाचा, कारण तुलना त्याच्याशी करायची. शिवाय एका पायावर भार टाकून टाकून दुसऱ्या पायालाही तेच सुरू होतं. ते दोन-तीन बदकांत पाहिलंय.

सुजेच्या कडेने मार्करने बारीक रेघ मारा. लाली रेघेच्या बाहेर गेली की डॉक्टरांना फोन.

आठवड्यातून दोनदा वजन. कापडी पिशवीत बसवून ताणकाट्याला लटकवलं तरी चालतं, डोकं बाहेर ठेवा. पिसांमुळे बदक खंगलेलं डोळ्याला दिसत नाही, छातीचं हाड हाताला टोचायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

चालण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, मागून. लंगडणं कमी झालं की नाही यावर घरात आमचे वाद व्हायचे, व्हिडिओ शेजारी शेजारी लावले की प्रश्न मिटतो.

तापमान मोजायच्या भानगडीत पडू नका. बदकाचं नेहमीचंच ४१ ते ४२ अंश असतं, ते बघून माणूस घाबरतो. दोन्ही तळव्यांना हाताची उलटी बाजू लावा, जास्त गरम कोणता ते कळतं.

कोबा ते माती (वारजे)

पाय बरा करून पुन्हा त्याच फरशीवर सोडला तर काय उपयोग? अर्धा इलाज जमिनीचा आहे, माझ्या मते अर्ध्याहून जास्त.

शहाबादी जुनी झाली की पापुद्रे सुटतात, त्या कडा धारदार असतात. सिमेंटचा कोबा खरखरीत. आणि आता सगळीकडे मिळते ती क्रश सँड, ती तर मुळीच टाकू नका. दगड फोडून केलेली, प्रत्येक कण टोकेरी. नदीची गोल कणांची वाळू वेगळी आणि ही वेगळी. पाण्याच्या टाकीतून बाहेर येण्याची जागाही बघा. पेकिन जड असल्याने काठावरून धप्पकन उडी मारते आणि सगळा भार तळव्यावर येतो. उताराची फळी लावा, वर रबरी मॅट.

आमच्याकडे फरशीवर जुन्या रबरी मॅट, त्यावर चार बोटं साळीचं तूस, वरून भर घालत जातो. मुळशी-मावळात भातगिरणीवर पोत्याने मिळतं. लाकडाचा बारीक भुसा पावसात गोळा होतो आणि धूळही उडते, तूस त्यापेक्षा लवकर वाळतं.

शेडमध्ये चुना भुरभुरायची पद्धत आहे, ती बदकांना नको. त्यांचे पाय ओले असतात, ओल्या कातडीला चुना भाजतो.

तुसाची रास (मुळशी)

तुसाला अनुमोदन, पण पावसाळ्यात चार बोटांचा थर तसाच ठेवून वरून भर घालत जाणं मला पटत नाही. कोंबड्यांना ते चालतं. बदक पाणी सांडतं, त्याची विष्ठा पातळ, खालचा थर कुजतो आणि अमोनिया सुटतो. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीच्या जागेतलं ओलं तूस रोज सकाळी काढतो.

कोबा ते माती (वारजे)

तुमच्याकडे मुळशीचा पाऊस आहे दादा, वारज्यात तेवढा नाही. पण धायरीत अंगण उघडं असेल तर तुमचंच बरोबर. ताई, पाण्याचं भांडं आधी तुसापासून लांब, जाळीच्या चौकटीवर ठेवा, खाली चर. तेवढ्यानेच अर्धी ओल कमी होईल. चौकटीची जाळी प्लॅस्टिकचं आवरण असलेली घ्या, उघडी तार तळव्याला कापते.

ओढ्याकाठची (धायरी)

सगळ्यांना कळवते. शेवंताला पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत हाड स्वच्छ आहे. भूल देऊन आतला घट्ट पू काढला, बराच निघाला, वरून बघून एवढा असेल असं वाटलं नव्हतं. नमुना तपासायला दिलाय. अँटिबायोटिक आणि पक्ष्यांना चालणारं वेदनाशामक दिलंय. औषध चालू असेपर्यंत आणि नंतरही ते सांगतील तोवर अंडी खायची नाहीत, कोणाला द्यायचीही नाहीत असं बजावलंय.

पट्टी रोज बदलायला सांगितली आहे, ओली झाली तर लगेच. जखमेला न चिकटणारा गॉज, त्यावर मधे भोक असलेली फोमची चकती म्हणजे जखमेवर भार येत नाही, मग स्वतःलाच चिकटणारी पट्टी बोटांच्या मधून फिरवून. पहिल्यांदा मी बांधली तेव्हा ती किती घट्ट असावी याचा अंदाज येईना. कोणी सांगेल?

पंख आणि पाय

छान झालं, वेळेत नेलंत. पट्टी गुंडाळण्याआधी रोलवरून सैल उलगडून घ्या, ताणून गुंडाळू नका. बांधल्यावर तासाभराने बोटांची टोकं बघा. ती सुजली, गार पडली किंवा पडदा फिका वाटला तर लगेच सोडा. पट्टीला वास आला तर वेळ झाली नसली तरी बदला.

पावसाळ्यात माश्यांकडे लक्ष ठेवा. उघड्या जखमेत अंडी घातली की अळ्या पडतात. गुरांसाठीचे जखमेचे फवारे मात्र बदकावर विचारल्याशिवाय मारू नका, चोचीने पिसं साफ करताना ते पोटात जातं. तिला मच्छरदाणीच्या जाळीत ठेवणं सर्वांत सुरक्षित.

नवी कातडी गुलाबी, मऊ आणि सपाट दिसली पाहिजे. कडा आत वळल्या किंवा पुन्हा काळा ठिपका दिसला तर आत काही राहिलंय असं समजा. आणि वरून बंद झाली म्हणून औषध मधेच थांबवू नका. पूर्ण बरं व्हायला आठवडे लागतात.

गच्चीवरची पाखरं (हडपसर)

एक जोडते. लंगडणारं बदक दिसलं की बोटांभोवती मांजा बघा. संक्रांतीनंतर कितीतरी दिवस नायलॉनचे तुकडे गवतात पडलेले असतात. बोटाच्या सांध्यात रुतला की वरून नुसती सूज दिसते, धागा दिसतच नाही. बायकांचे लांब केसही तसेच अडकतात. भिंगातून बघा.

ओढ्याकाठची (धायरी)

बघितले, नाहीयेत. आज पट्टी सोडली तेव्हा जखम अर्ध्याहून कमी राहिली आहे, कडा गुलाबी. नोंदवही ताईंच्या सांगण्यावरून फोटो काढत होते म्हणून हे ठामपणे सांगू शकते. एका कॅम्पबेलच्या उजव्या तळव्यावरही लालसर डाग सापडला, खपली नाही. तिचे शेक सुरू केलेत. भांड्याखाली चर खणली, अंगणाचा अर्धा भाग रबरी मॅट आणि तूस. उरलेली फरशी दिवाळीच्या आधी काढून टाकतोय.

नवीन सभासद (लोहगाव)

धागा वाचून विचारतो. आमचं तीन आठवड्यांचं पिल्लू दोन्ही पाय फाकवून बसतं, गुडघे वाकलेत. तळवे स्वच्छ आहेत, कुठे खपली नाही. खायला ब्रॉयलर कोंबडीचं खाद्य देतो. हेही पायाचं इन्फेक्शन आहे का?

पंख आणि पाय

दोन्ही पाय, तळवे स्वच्छ, आणि कोंबडीचं खाद्य. हे इन्फेक्शनपेक्षा नायसिनची (व्हिटॅमिन बी३) कमतरता असण्याची शक्यता जास्त. बदकाच्या पिल्लाला खाद्यात किलोला साधारण ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीची गरज त्याहून बरीच कमी. त्यामुळे कोंबडीचं खाद्य पुरं पडेलच असं नाही. डॉक्टरांना दाखवून लगेच नायसिन सुरू करा, उशीर झाला तर वाकलेला पाय तसाच राहतो. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळता येतं.

नायसिन मिळेल म्हणून शेंगदाणा पेंड सुरू करू नका. पावसाळ्यात पेंडीवर आणि मक्यावर बुरशी धरते, तिच्या अफ्लाटॉक्सिन विषाला बदकाची पिल्लं सगळ्या पाळीव पक्ष्यांत फार लवकर बळी पडतात. खाद्याला कुबट वास असेल तर अख्खं पोतं टाकून द्या.

आणि पिल्लं ठेवली आहेत ती जागा घसरडी आहे का? खाली वर्तमानपत्र असेल तर आजच काढा, पाय फाकण्याचं तेही एक कारण आहे. तिथे रबरी मॅट किंवा जुना टॉवेल घाला.

एक वेगळी गोष्ट, मोठ्या बदकांसाठी. जखम काहीच नाही आणि एकाएकी दोन्ही पाय लुळे पडले, मान टाकली, तर ते साचलेल्या पाण्यातल्या बोट्युलिझमचं, म्हणजे जंतूंच्या विषबाधेचं, असू शकतं. अशा वेळी फोटो काढून इथे टाकत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नवीन सभासद (लोहगाव)

खाली वर्तमानपत्रच आहे. काढतो. उद्या सकाळी दाखवायला नेतोय, काय म्हणतात ते लिहीन.